रिपोर्ट नॉर्मल आहे, मग काहून घाबरते?

‘मॅडम, हिचा थायरॉईड वाढला,’ असं म्हणत माझ्या दवाखान्याचं दार ढकलणाऱ्या बहुतेकांचा थायरॉईड वाढलेला नसतो, कमी झालेला असतो. आणि ‘थायरॉईड कमी आला’ म्हणणाऱ्यांचा वाढलेला असतो. मनीषनगरात मी दवाखाना टाकला तेव्हा रेल्वे फाटकाच्या अलीकडे अर्धी शेतं होती. शेतांवर फ्लॅट उभे राहिले, फ्लॅटखाली मेडिकलची दुकानं आली, पण हे वाक्य काही सुलटं झालं नाही. संपादकांनी ‘व्यवसायातले गमतीदार अनुभव’ मागितले आहेत. त्यांना ते गमतीदार वाटतील. मी ज्या खुर्चीत बसून ते घेतले तिथून ते तसे दिसत नव्हते.

आधी हा उलटा कारभार समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते. ती सगळ्यांनाच असते, त्यामुळे ‘मला थायरॉईड आहे’ म्हणणाऱ्याला ‘मलाही आहे’ असं सांगायचा मोह मी कितीदा आवरला ते माझं मला माहीत. तिचं काम गॅसच्या शेगडीच्या बटणासारखं. बटण बारीक झालं की माणूस मंदावतो: वजन वाढतं, झोप अनावर होते, थंडी वाजते. बटण मोठं झालं की सगळं उतू जायला लागतं: छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनही वजन उतरतं, झोप उडते आणि जीव घाबराघुबरा होतो. आता रिपोर्टात टीएसएच नावाचा जो आकडा असतो तो या ग्रंथीचा नसतोच. तो मेंदूनं ग्रंथीला मारलेल्या हाकेचा असतो. ग्रंथी सुस्तावली की मेंदू जोरजोरात हाका मारतो आणि आकडा वाढतो. ग्रंथी अंगात आल्यासारखी काम करू लागली की मेंदू गप्प बसतो आणि आकडा शून्याच्या जवळ येतो. म्हणजे आकडा कमी तर थायरॉईड जास्त. हे मी चित्र काढून, हातवारे करून, मराठीत आणि हिंदीत सांगितलेलं आहे. समोरचा माणूस मनापासून मान डोलावतो आणि विचारतो, ‘समजलं मॅडम, म्हणजे कमीच आहे ना?’

गोळीचंही तसंच. कमी थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, नंतर अर्धा तास चहा नाही. नागपूरच्या माणसाला वाटेल ते सांगा, पण सकाळचा चहा थांबवायला सांगू नका. एक बाई वर्षभर गोळी चहाबरोबर घेत होत्या आणि गोळीचा गुण येत नाही म्हणून मला बोल लावत होत्या. ‘चहा पिल्याशिवाय माझंच डोकं चालत नाही मॅडम, गोळी कशी चालेल?’ असा त्यांचा सवाल होता. दुसऱ्या एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. ‘हिले राग लय येते. थायरॉईड असन, पाहून घ्या जरा.’ मी तपासलं. सगळं ठाकठीक होतं. सुनेनं माझ्याकडे बघून समाधानानं हसून घेतलं आणि सासूबाई इतक्या हिरमुसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

ही माणसं वैताग देतात आणि घरी जातात. पण एका घरानं मला जवळजवळ दोन वर्षं वैताग दिला. त्या घरातल्या मुलीचं नाव मी इथं वैष्णवी ठेवते, बाकीची नावंही माझ्याच पदरची.

वैष्णवी उमरेडची. वडील विजयभाऊ तिथल्या कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात. आई सुनंदाताई घर सांभाळतात. सुनंदाताईंच्या माहेरी हातमाग होता, आणि आजोबांना साड्यांचे काठ विणताना बघून पोरीनं ठरवून टाकलं होतं की बारावी झाली की नागपूरला होस्टेलवर राहायचं आणि कापडावरच्या नक्षीचं रीतसर शिक्षण घ्यायचं. वहीच्या मागच्या पानांवर, बसच्या तिकिटावर, हाताच्या तळव्यावर, जिथं जागा मिळेल तिथं ती काठ काढायची. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा अकरावीत होती.

उमरेडहून येणारा पेशंट एकटा कधी येत नाही. वैष्णवीबरोबर आई, वडील आणि मामा असे तिघं आत शिरले. मामा कळमेश्वरला एका कारखान्यात सुपरवायझर. घरात फोनवर सगळं शोधून काढणारा तोच, त्यामुळे बोलण्याचा हक्कही त्याचाच. डिसेंबर होता. सुनंदाताई शाल पांघरून बसल्या होत्या आणि शेजारी पोरगी घामानं डबडबली होती. डोळे मोठे दिसत होते, गळा पुढून जरा भरलेला. मी तिला दोन्ही हात समोर धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद नुसता फडफडत होता.

‘काय होतंय गं?’ मी विचारलं.

‘धडधड होऊन राहिली मॅडम तिले,’ मामा म्हणाला. ‘कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये पडलीच ना ती. म्हणे आता मी मरते.’

‘मी तिला विचारलं.’

‘ती काय सांगन मॅडम? ती घाबरून राहिली.’

नाडी एकशे चाळीसच्या आसपास पळत होती. मी रिपोर्ट आहे का विचारलं. होता. मामानं महिन्याभरापूर्वीच बसस्टँडजवळच्या लॅबमधून करून घेतला होता, डॉक्टरला न विचारता. टीएसएचसमोर आकडा कमी असल्याची खूण छापलेली. म्हणजे ग्रंथी उधळलेली. निदान माझ्या टेबलावर कागदासारखं फडफडत होतं. फक्त एक कोडं सुटेना. घरचे सांगत होते तशी लक्षणं या महिन्याभरात इतकी झपाट्यानं कशी वाढली?

‘हिला औषध कुठलं चालू आहे?’

‘काहीच नाही,’ विजयभाऊ म्हणाले.

‘काहीच नाही?’

‘काही नाही मॅडम. फक्त थायरॉईडची गोळी.’

‘कुणी दिली?’

तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग सुनंदाताई हळूच म्हणाल्या, ‘माझीच आहे ते. मले बी थायरॉईड आहे ना. हिच्या रिपोर्टात कमी दाखवून राहिलं होतं, तर हा माझा भाऊ म्हणाला कमी आहे म्हणजे गोळी लागते. म्हटलं घरातच आहे, कायले नागपूरपर्यंत जायचं.’ थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘जरा जास्तच दिली. लवकर बरी होईन म्हणून.’

म्हणजे आधीच उकळणाऱ्या दुधाखाली या बाईनं महिनाभर गॅस मोठा केला होता. मी ओरडले. माझा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला असणार, कारण मी बाहेर डोकावले तेव्हा सगळे एकदम शहाण्यासारखे बसले होते. मामा फोनमध्ये तोंड घालून बसला. सुनंदाताई मात्र माझ्याकडे टक लावून ऐकत राहिल्या.

गोळी त्याच मिनिटाला बंद केली. हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी ग्रंथी आवरणारी गोळी सुरू केली, धडधड कमी करायला काही दिवस दुसरी दिली. औषध त्यांचं आणि रोजची कटकट माझी, अशी आमची वाटणी ठरली, कारण उमरेडवाल्यांना त्यांची अपॉइंटमेंट मिळायची नाही आणि माझा फोन मात्र सदैव लागायचा. या औषधात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळायची असते: घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून ताबडतोब रक्त तपासायचं. हे मी घोटून घेतलं. त्यांनी ते पाळलं, आणि शिवाय स्वतःच्या मनानं कोबी बंद, दही बंद, थंड पाणी बंद, केस धुणं फक्त रविवारी, असं बरंच काही पाळलं.

औषध लागू पडलं. कागद फडफडायचा थांबला, वजन भरायला लागलं, नाडी ताळ्यावर आली. उन्हाळ्यात रिपोर्ट नॉर्मल आला आणि सुनंदाताईंनी माझ्या टेबलावर संत्रा बर्फीचा डबा ठेवला. मी एक वडी तोंडात टाकली. वैष्णवी मात्र समोर तशीच बसली होती, पाठीचा कणा ताठ, एक हात छातीवर.

‘धडधड होते का अजून?’

तिनं मान हलवली. होते.

विजयभाऊंनी डबा माझ्याकडे आणखी पुढे सरकवला आणि त्यांचा संयम सुटला. ‘मॅडम, आता तुम्हीच सांगा हिले. रिपोर्ट नॉर्मल आहे, मग काहून घाबरते?’

हा प्रश्न पुढं मला किती वेळा ऐकावा लागला! आणि दरवेळी माझं डोकं फिरायचं, कारण वरवर पाहता प्रश्न बरोबर होता. ग्रंथीमुळे भीती वाटत होती, ग्रंथी ताळ्यावर आली, तर भीती जायला हवी. काही मुलांची जाते. पण हिनं त्या महिन्यात एक गोष्ट शिकून घेतली होती: छाती धडधडली की आपण मरतो. आता छाती कशानंही धडधडते. जिना चढला, जोरात हसलो, मागून कुणी ‘भॉक’ केलं, तरी धडधडते. प्रत्येक वेळी ही पोर त्या प्रॅक्टिकलच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. भीतीनं धडधड आणखी वाढायची आणि मग तिची खात्रीच पटायची. हळूहळू तिनं जिना सोडला, पीटीचा तास सोडला, मैत्रिणींबरोबर हसणं सोडलं, आणि जून उजाडला तेव्हा कॉलेजचीच पाळी आली.

घरच्यांनी यावर जो उपाय काढला तो फक्त आपलीच माणसं काढू शकतात. कोविडच्या काळात बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर घरोघरी आलं. बाकीच्यांनी ते कपाटात टाकलं. या घरात ते परत बाहेर निघालं. पोरगी उठली की बोट, दूध प्याली की बोट, कॉलेजला निघताना बोट, आली की बोट. आकडा लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या ग्रुपचं नाव ‘वैष्णूची तब्येत’, आणि त्यात मामानं मला न विचारता घातलेलं. सकाळी पहिला चहा घेतेय तोच फोन टुणटुणायचा. ‘पल्स ९८.’ ‘काल ९१ होती ना?’ ‘नारळपाणी द्या.’ ‘मॅडमले विचारा.’ ‘मॅडम ऑनलाइन आहेत पण उत्तर देऊन नाही राहिल्या.’ मी ग्रुपमधून बाहेर पडले. मामानं पुन्हा घातलं. पुन्हा पडले. मग त्यानं फोन करून अगदी प्रेमानं विचारलं, ‘मॅडम, तुमचं काही चुकून दबलं काय?’

वर्गाबाहेर सुनंदाताई बसायला लागल्या. कॉलेजच्या व्हरांड्यात एक खुर्ची, मांडीवर पिशवी, पिशवीत पाणी, ग्लुकोज आणि ते यंत्र. पोरगी खिडकीतून दर थोड्या वेळानं आई दिसते का बघायची. एकदा बाई चहा प्यायला म्हणून फाटकाबाहेर गेल्या तर इकडे पोरगी वर्गात घामाघूम झाली. त्यानंतर त्यांनी चहाही सोडला. मामाचं मत तयारच होतं. ‘आता बारावी-बिरावी राहू द्या मॅडम. घरीच राहीन आमच्या नजरेसमोर. होस्टेल तर विसराच. तुम्ही फक्त एक सर्टिफिकेट लिहून द्या.’

सर्टिफिकेट हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा वैताग. लोकांना लग्नाला जायलाही सर्टिफिकेट लागतं आणि न जायलाही. पण हे मागितलं तेव्हा मी वैष्णवीकडे पाहिलं. ती मान खाली घालून तळहातावर बॉलपेननं काठ काढत होती, आणि ‘होस्टेल विसराच’ म्हटल्यावर पेन थांबलं.

‘सगळे बाहेर,’ मी म्हटलं.

‘आम्ही घरचेच आहो मॅडम.’

‘म्हणूनच बाहेर.’

दार लागल्यावर ती तळहातावरचा अर्धवट काठ पुढे काढायला लागली. मी पण माझे कागद चाळत बसले, कारण या वयाच्या मुलांकडे बघत बसलं की ती आणखी मिटतात. मग ती म्हणाली, ‘मॅडम, मले खरंच काही नाही ना?’

‘तुझी ग्रंथी बरी आहे. गोळी चालू ठेवायची, तपासण्या करायच्या. तुला भीतीचा त्रास आहे, आणि तोही खराच आहे. तू नाटक करत नाहीस.’

ती एकदम रडायला लागली. तिला कुणीतरी ‘नाटक करत नाहीस’ म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, ‘धडधडीची भीती वाटतेच. पण आई यंत्राकडे पाहते ना, तेव्हा तिचं तोंड पाहून जास्त वाटते. आकडा मी पाहतच नाही. मी तिचं तोंड पाहते.’

माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. मी तिला म्हटलं, चल, खाली जाऊ आणि धावत वर येऊ. ती पांढरीफटक पडली. मी म्हटलं, मी पण धावते. माझे गुडघे आणि माझं वय बघता हा शुद्ध आचरटपणा होता, पण मला दुसरं काही सुचेना. आम्ही दोघी जिन्यानं धावत वर आलो. बाहेर बाकावर तिची सगळी मंडळी तोंडाचा आ करून बसली होती. वर पोचल्यावर माझा श्वास इतका फुलला होता की मला बोलता येईना. मी तिचा हात माझ्या मनगटावर ठेवला.

‘बापा!’ ती म्हणाली. ‘तुमची तर माझ्याहून जोरात आहे.’

‘आणि मी मरतेय का?’

तिनं माझ्याकडे जरा संशयानंच बघितलं. ‘माहीत नाही,’ म्हणाली, आणि हसली. कित्येक महिन्यांत ती मोठ्यानं हसलेली मी पहिल्यांदा ऐकलं.

सर्टिफिकेट मी दिलं नाही. धंतोलीत एक समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी जे शिकवलं ते ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण. धडधड झाली की पळायचं नाही. बसायचं, श्वास हळू सोडायचा, ती चढेल, टिकेल आणि उतरेल हे बघत राहायचं. आणि ज्या गोष्टी सोडल्या त्या एकेक करून परत धरायच्या, छोट्यापासून सुरुवात. पहिल्यांदा जिना, मग पीटीचा तास, मग आईची खुर्ची व्हरांड्यातून फाटकाशी, फाटकातून समोरच्या दुकानात. खुर्ची हलवायला पोरगी तयार झाली. आई होईना.

‘आज नको वं, आज तुझं तोंड उतरलं आहे,’ असं रोज. यंत्रही बंद करायला सांगितलं होतं, ते पदराआड चालूच. मी फोनवर रागावले. विजयभाऊ रागावले. शेवटी मी सुनंदाताईंना एकट्यांनाच बोलावलं, आणि चांगलं फैलावर घ्यायच्या तयारीनं बसले. म्हटलं, ‘ताई, तिला गोळीनं जेवढं बरं केलं तेवढं तुम्ही बोटाला चाप लावून घालवताय. कशासाठी?’

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, ‘मॅडम, ते गोळी मीच तर दिली होती ना. माझ्या हातानं. ती नाही म्हणे, मले कसंतरी होऊन राहिलं म्हणे, तर मी जबरदस्ती तोंडात टाकली, वरून पाणी पाजलं. आता मी नाही पाहिलं तर कोण पाहीन?’

माझी सगळी तयारी तिथल्या तिथं फुकट गेली. मी त्यांना समजावलं की आजार तुमच्या गोळीनं झाला नाही, तो आधीच होता, गोळीनं फक्त वाढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे थोडीशी तरी माझी चूक आहे ना?’

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. पण ही बाई इतके महिने सगळ्यांकडून ‘जाऊ दे, काही नाही’ ऐकत होती आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. मी म्हटलं, ‘हो. थोडी आहे.’

त्यांनी मोठा श्वास सोडला. ‘तेच तर मी म्हणून राहिली एवढ्या दिवसांपासून,’ म्हणाल्या आणि पिशवीतून यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं. ते मी ठेवून घेतलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुसरं विकत आणलं, हे मला नंतर समजलं. असल्या गोष्टी एका बैठकीत सुटत असत्या तर माझे केस इतके पांढरे झाले नसते. पण खुर्ची फाटकापर्यंत गेली, दिवाळीनंतर दुकानापर्यंत, आणि पूर्वपरीक्षेच्या वेळी बाई घरी राहून फक्त फोन हातात धरून बसायला लागल्या. मधे एकदा पोरगी पेपर सोडून घरी पळाली, तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी कंटाळले, समुपदेशक बाई कंटाळल्या नाहीत. बारावीच्या परीक्षेला ती बसली आणि बऱ्यापैकी पास झाली.

मग प्रवेशाचा विषय आला, आणि त्याबरोबर होस्टेलचा. वैष्णवीला जायचंच होतं. तिचं भीतभीत का होईना, पण नक्की होतं. घरात रोज खटके. शेवटी विजयभाऊंनी एक अट घातली. ‘एकदा उमरेडहून नागपूरले एकटी जाऊन दाखव. एसटीनं. मॅडमकडे जायचं, तपासून यायचं, परत यायचं. आई नाही, मामा नाही. जमलं तर होस्टेल, नाही जमलं तर इथंच बीए कर आणि पुन्हा विषय काढायचा नाही.’ त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मला ते जरा कडक वाटलं. पण समुपदेशक बाई म्हणाल्या, करू द्या, ती तयार आहे.

ठरलेल्या दिवशी मी सकाळपासून उगाचच इतरांवर खेकसत होते. शोभानं, म्हणजे माझ्याकडे पेशंटांचे नंबर लावणाऱ्या बाईनं, मला दोनदा पाणी आणून दिलं. अकराच्या सुमारास दार हळूच उघडलं आणि वैष्णवी आत आली. मागं कुणी नाही. चेहरा घामेजलेला, केस वाऱ्यानं विस्कटलेले, ओढणीला एसटीच्या खिडकीची धूळ. ती खुर्चीत बसली आणि मी तिचा हात धरून नाडी बघायचा मोह मोठ्या कष्टानं आवरला.

‘आलीस!’

‘आली.’ मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, ‘मॅडम, खाली मामाची गाडी उभी आहे.’

‘काय?’

‘आई बी आहे आत. उमरेडपासून बसच्या मागंच होती. बाबा ड्यूटीवर गेले, त्यांना माहीत नाही. आईले वाटून राहिलं का मले दिसली नाही. पांढरी गाडी, मागं त्याच्या पोराच्या बारशाचं स्टिकर, कशी नाही दिसणार?’

माझं डोकं सणकन तापलं. इतके महिने, इतकी डोकेफोड, आणि शेवटी ही वरात! मी उठलेच. म्हटलं, आत्ता जाते आणि दोघांची चांगली खबर घेते.

‘नका ना मॅडम,’ तिनं माझी बाही धरली. ‘ऐका ना. पाचगावाजवळ गाडी दिसेनाशी झाली. आईले गाडीत उलटी होते, तर थांबले असतील. तेव्हा मले सुरू झाली धडधड. लय जोरात. कंडक्टरले सांगून उतरावं वाटलं. मग म्हटलं, मी आता उतरली तर आई जन्मभर गाडी घेऊन माझ्या मागं फिरन. तिची तब्येत नाही ना तशी.’ तिनं ओठ चावला. ‘तर बसून राहिली मी. श्वास सोडत. दिघोरी येईपर्यंत गाडी आलीच नाही. दिघोरीले उतरून ऑटो पण मीच केला. आता जिना चढताना पाहिलं तर गाडी खाली येऊन थांबली.’

‘म्हणजे तू एकटीच आलीस.’

‘तेवढं तर आलीच ना?’ ती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्याकडून ते खरंच ऐकायचं होतं.

‘एकटीच आलीस,’ मी म्हटलं.

तेवढ्यात बाहेर शोभाचा फोन वाजला. सुनंदाताईंचा. ‘वैष्णू पोचली काय वं?’ असं त्या विचारत होत्या. खालूनच. मी खिडकीशी गेले. गाडीच्या आडोशाला उभ्या राहून त्या बाटलीतल्या पाण्यानं तोंड धूत होत्या, फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबून. चेहरा पार उतरलेला, पदर ओला. मामा स्टिअरिंगवर डोकं ठेवून पडला होता. मी शोभाकडून फोन घेतला. तोंडात आलेलं सगळं गिळलं.

‘पोचली,’ मी म्हटलं. ‘एकटीच आली.’

त्यांनी बाटली गाडीच्या टपावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, ‘घाबरली होती काय मॅडम?’

‘घाबरली होती. तरी आली.’

‘मी बी घाबरली होती,’ त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या. वरून मला त्यांचे खांदे हलताना दिसत होते, आणि मी घरात बसलेल्या बाईशी बोलावं तसं त्यांच्याशी बोलत होते. नाक ओढून त्या म्हणाल्या, ‘सांगते मग तिच्या बाबांना. ठेवू तिले होस्टेलले.’

मी फोन ठेवून वळले. वैष्णवीला सगळं ऐकू गेलं होतं. ती दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती. मी तिला तपासलं, गळा पाहिला, पुढची चिठ्ठी लिहून दिली. माझे डोळे भरले होते आणि मी ते चष्म्याच्या नावावर खपवले. म्हटलं, ‘ऊठ आता, परतीची बस चुकेल.’

ती उठली, खिडकीशी गेली, पडद्याच्या फटीतून खाली बघितलं आणि परत येऊन खुर्चीत बसली.

‘अजून थोडा वेळ बसते मॅडम,’ ती म्हणाली. ‘मामाले या गल्लीत गाडी वळवता येत नाही. त्यांना निघू द्या आधी.’